अंधाऱ्या खोलीतल्या दोन सिस्टर

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या शिपायाच्या सुनेला धनुर्वात झाला. तिचा नवरा एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला झाला होता म्हणतात. तुम्ही कशा वाचलात तेवढं सांगा." मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सांगायला गेले तर कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. औषधांची नावं मला तेव्हाही कळली नव्हती. शेवटी मी एवढंच म्हटलं, की तिला सगळं ऐकू येत असेल, तिच्याजवळ भलतंसलतं बोलू नका. तो मान हलवून गेला.

ती आता बरी होऊन घरी आली आहे. पण त्या दिवशी मला जे सांगता आलं नाही ते लिहून काढावं असं तेव्हापासून मनात आहे. ज्यांच्या घरात हे दुखणं शिरलंय त्यांना थोडा उपयोग झाला तर बरंच.

खिळा

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही चिंचवड गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. हे पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मीना दुसरीत, बंडू अजून घरीच, सासूबाई आमच्याजवळ. कंपन्यांत मोठमोठी यंत्रं लाकडी खोक्यांतून यायची. ती खोकी भंगारात निघाली की आमच्या आळीत हातगाडीवर यायची आणि निम्म्या आळीचे बंब त्या लाकडावर पेटायचे.

एका रविवारी मी मागच्या अंगणात त्या फळ्या सुट्या करत होते. पायात चप्पल नव्हती. एक गंजका खिळा टाचेजवळ चांगला आत गेला. मी तो उपसला, रक्त पिळून काढलं, हळद दाबली आणि उरलेल्या फळ्या उरकल्या. संध्याकाळी हे म्हणाले, जाऊन सुई टोचून घे. मी हो म्हटलं. पण जखम दोन दिवसांत सुकली, मग कोण जातंय?

पुढच्या आठवड्यात वर्गात पाढे म्हणून घेताना माझा जबडा आखडला. दाढ असेल असं वाटलं. मी लवंग धरली. रात्री भाकरीचा तुकडा दातांतून आत जाईना. सासूबाईंनी गालाला शेक दिला. सकाळी मीनाची वेणी घालत होते तेव्हा तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तू कशाला हसतेस?"

मी हसत नव्हते. मी आरशात पाहिलं तर ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले होते, दात दिसत होते आणि भुवया वर गेल्या होत्या. तो चेहरा माझ्याच्यानं खाली येईना. त्या हसऱ्या चेहऱ्याची मला अजून भीती वाटते. आजही फोटो काढताना मी हसत नाही.

आमच्या डॉक्टरांनी मला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही आत जाईनात. त्यांनी जीभ दाबायची पट्टी कशीबशी आत घातली, घशाला लावली, आणि माझ्या जबड्यानं ती पट्टी कडकन धरून ठेवली. सोडायची म्हटलं तरी सुटेना. डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. पायाला वगैरे काही लागलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी टाच दाखवली. ते यांना घेऊन बाहेर गेले, पण दार अर्धं उघडं राहिलं होतं आणि तो शब्द मला ऐकू आला.

तो शब्द मला माहीत होता. माझ्या माहेरी शेजारच्या घरात एका बाळंतिणीला धनुर्वात झाला होता. आम्हा पोरींना तिकडे जाऊ देत नसत. पण तिचा आवाज भिंतीतून यायचा, आणि एके दिवशी तो यायचा थांबला.

डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीतून मला तळेगावच्या बाजूच्या एका इस्पितळात नेलं. त्या इस्पितळाचं नाव मी मुद्दाम देत नाही. मुंबईच्या रस्त्यावर ट्रकची रांग होती. देहूरोडच्या अलीकडे एका ट्रकनं आमच्या मागे जोरात हॉर्न दिला आणि माझी पाठ आपोआप कमानीसारखी वर उचलली गेली. डोकं मागे, टाचा मागे, मधलं अंग हवेत. श्वास अडकला. दुखणं इतकं होतं की ओरडावं, पण तोंड बंद. हे माझे खांदे धरून खाली दाबत होते, आणि त्यांच्या हाताच्या स्पर्शानं ते अधिकच वाढत होतं. मला ते सांगता येत नव्हतं.

खोली

त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीत ठेवलं. खिडकीला काळं कांबळं ठोकलं होतं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलेलं, दाराच्या फटीत चिंध्या. माझ्या कानांत कापसाचे बोळे घातले. ह्या दुखण्यात उजेड, आवाज, वाऱ्याची झुळूक, कशानंही झटका येतो. झटका येताना पूर्ण शुद्ध असते. गुंगीची इंजेक्शनं देतात, त्यानं झटके कमी होतात, पण मन काही पूर्ण झोपत नाही. मी आत जागी होते आणि बाहेरून कुणाला ते दिसत नव्हतं.

मोठे डॉक्टर यांना म्हणाले ते मी ऐकलं. औषध आम्ही देऊ, पण ह्या आजारात पेशंट वाचतो तो शुश्रूषेनं. आमच्या दोन चांगल्या नर्स इथं आहेत, तेवढं तुमचं नशीब.

त्यातल्या पहिल्या साळवे सिस्टर. नगरच्या, उंच, हाडापेरानं मोठ्या. त्या सकाळपाळीला असत. त्यांच्या कामात एक शब्द नसायचा. गुंगीचं इंजेक्शन दिलं की त्या घड्याळ हातात धरून स्वस्थ उभ्या राहत आणि औषध पूर्ण चढलं असं वाटलं की मग सगळं एकदम उरकत. नाकातल्या नळीतून दूध, अंग पुसणं, चादर बदलणं, कूस बदलणं. मग पुढचं इंजेक्शन होईपर्यंत मला कुणी बोटही लावायचं नाही, असा त्यांचा दंडक. मोलकरणीलाही त्या आत येऊ देत नसत. फरशी स्वतः पुसत. मला त्यांची भीती वाटायची. त्या काही बोलत नसल्यामुळे त्यांना माझी आशा नाही असं मी धरून चालले होते.

दुपारपाळीला नूरजहाँ शेख. चाकणच्या. त्यांच्या वडिलांचं तिथं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. ठेंगणी, चपळ मूर्ती. त्यांची रीत अगदी वेगळी. काहीही करायच्या आधी त्या माझ्या कानापाशी येऊन, कापसातून ऐकू येईल इतक्याच आवाजात सांगत, "ताई, आता मी तुमचा उजवा हात धरणार हाय. धरू?" मग थांबत. मला हो म्हणता येत नसे. पण त्या थांबत एवढ्यानंच अंगाला कळायचं की काहीतरी येतंय, आणि ते दचकत नसे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसण्याआधीही सांगितलं.

रात्रपाळीला एक वयस्क सिस्टर असत. त्या वेळी गुंगी जास्त असे, त्यामुळे त्यांचं मला काही आठवत नाही.

चारपाच दिवसांनी झटक्यात घसा आवळून श्वास बंद व्हायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी गळ्याला छिद्र करून तिथं नळी बसवली. आता श्वास त्या नळीतून. नळीत कफ साठला की यंत्रानं तो ओढून काढायचा. नाही काढला तर संपलं. बोलण्याची जी काही शक्यता होती ती त्या दिवसापासून बंद झाली.

कुणाच्या पाळीत किती

एके दुपारी पाळी बदलताना दाराबाहेर दोघींची कुजबुज माझ्या कानावर आली. कापूस थोडा सरकला असावा.

"माझ्याकडे आज एकच आला," साळवे सिस्टर म्हणाल्या.

"काल माझ्याकडे एक बी न्हवता."

"परवाचं सांग की."

"परवाचा तुझ्या बादलीचा होता, साळवे. जाता जाता कडी वाजवलीस."

"बरं. तो माझा."

आणि दोघी हसल्या, अगदी हळू.

मला घाम फुटला. माझे झटके ह्या बायका आपापसात मोजत होत्या. ज्या आचक्यात मला वाटायचं की ह्यातून आता परत येणार नाही, तो ह्यांच्या शर्यतीतला एक गुण होता. त्यापेक्षा वाईट विचार नंतर आला. समजा एकीच्या पाळीत झटका आला आणि तिनं तो सांगितलाच नाही, हार नको म्हणून, तर डॉक्टर औषध वाढवणार कसं? ह्या विचारानं मला दिवसभर छळलं. अंधारात पडून राहिलेल्या माणसाला एक विचार पुरतो.

पुढं मला समजलं की त्या दोघी एकाच वेळी नर्सिंग शिकल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांची ही चुरस होती. एकीनं चादर घातली की दुसरी सुरकुती शोधायची. शिवाय त्या वर्षी वॉर्डच्या मुख्य सिस्टर निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेवर ह्या दोघींपैकी एक जाणार हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. मॅट्रन बाई दोघींचंही काम बघत होत्या.

पण त्या कुजबुजीनंतर चारदोन दिवसांत मला एक नवल जाणवलं. सकाळी साळवे सिस्टर इंजेक्शननंतर नेहमीसारख्या थांबल्या, आणि मग वाकून, जरा संकोचानं, म्हणाल्या, "आता डावी कूस करते आहे." मग थांबल्या. शेख सिस्टरांसारख्याच. त्यांचा आवाज मी प्रथमच इतक्या जवळून ऐकला. जाड आवाज होता, तो बारीक करायला त्यांना कष्ट पडत होते. आणि त्याच दुपारी शेख सिस्टरांनी सगळी कामं एका दमात उरकली, ट्रेखाली फ्लॅनेलची घडी घातली, दूध कोमट आहे का ते मनगटावर पाहिलं. ह्या सगळ्या साळवे सिस्टरांच्या रीती.

दाराबाहेर त्या दिवशी साळवे सिस्टर सांगत होत्या की आज बोलून बघितलं, फरक पडतो. शेख सिस्टर म्हणाल्या, "मी सांगतच व्हते की तुला." मग त्यांनी आदल्या दिवशी आपल्याकडे आलेल्या झटक्याचं सांगितलं. कसा आला, किती टिकला, आधी पापणी कशी फडफडली, सगळं. काहीही राखलं नाही. दुसरीनं ते इतक्या बारकाईनं विचारून घेतलं की मला हळूहळू कळलं, ह्यांना एकमेकींना हरवायचं आहे खरं, पण त्यासाठी मला जगवायचं आहे. आणि जगवायचं तर आपल्याला जमलेली गोष्ट दुसरीला सांगितल्यावाचून चालणार नव्हतं, कारण दिवसाचा दुसरा भाग तिच्या हातात होता.

भीती काही गेली नाही. पण ह्यांच्यापासूनची भीती गेली.

अण्णा

माझा थोरला भाऊ अण्णा मुंबईहून आला. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. त्याला आत सोडलं, पायातलं काढून, बोलायचं नाही म्हणून बजावून. गळ्यातली नळी आणि ताणलेला चेहरा पाहून तो तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. मग व्हरांड्यात त्याचं आणि यांचं वाजलं. असल्या अंधारकोठडीत तिला मारताय का, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मी आजच हलवतो, असं तो म्हणत होता. हे म्हणत होते, रस्त्यात काय होईल ते मी पाहिलंय. अण्णा म्हणाला, एक इंजेक्शन वेळेवर दिलं असतं तर ही पाळी आली असती का? ती चूक माझी होती, यांची नव्हती, आणि मला ते आतून ओरडून सांगायचं होतं. सासूबाई मध्येच रडायला लागल्या. आवाज वाढत गेला. माझ्या पायाच्या बोटांत ती ओळखीची कळ सुरू झाली.

साळवे सिस्टर तेव्हा जवळ होत्या. त्या बाहेर गेल्या. मला वाटलं आता सगळ्यांना झापणार. त्यांनी फक्त त्यांना जिन्यापाशी नेलं. काय बोलल्या ते यांनी मला नंतर सांगितलं. त्या अण्णाला म्हणाल्या, "तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला बघवत नाही. मलाही बघवत नाही. पण तुम्ही हलवायचं म्हटलंत तर मी तुमच्या गाडीत बसून येईन आणि कुठल्या वळणावर ती जाईल ते तुम्हाला आधी सांगेन. इथं राहू दिलंत तर मला आणि शेखला अजून थोडे दिवस झगडता येईल." अण्णा जिन्यावर बसून रडला. मग मुंबईला गेलाच नाही. रोज दुपारी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर यांच्याशेजारी बसून राहायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण उठत नसत.

ट्रे

सगळ्यात वाईट दिवस तो.

दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. साळवे सिस्टर कपडे बदलून घरी जायला निघाल्या होत्या. शेख सिस्टर कफ ओढायचं सामान घेऊन आत आल्या. त्यांच्या घरी काहीतरी दुखणं होतं, त्या आदल्या दिवशीपासून जागलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मला फक्त एवढं आठवतं की पत्र्याचा ट्रे फरशीवर पडला.

तो आवाज कानांनी ऐकल्याचं मला आठवतच नाही. तो अंगभर झाला. पाठ वर गेली ती खालीच येईना. नळीत कफ वर चढला आणि अडकला. हवा आत नाही, बाहेर नाही. छताचा एक काळा भाग मला दिसत होता आणि तो बाजूंनी आणखी काळा होत चालला होता. माझ्या मनात मीना, बंडू असं काही आलं नाही. लोक सांगतात तसं काही नसतं. फक्त हवा पाहिजे होती. आणि मला माहीत होतं की हे असंच होतं, त्या बाळंतिणीचं असंच झालं असणार.

शेख सिस्टरांचा आवाज त्यातही कानापाशी आला. "ताई, नळी साफ करते. आता करते." तो आवाज कापत होता पण शब्द तेच, क्रम तोच. मग यंत्राची घरघर. मग दुसरी कुणीतरी दारातून आत आली, साध्या सुती पातळातली बाई, पदर खोचलेला. साळवे सिस्टर. बसपर्यंत गेल्या नव्हत्या. त्यांनी काही न विचारता इंजेक्शन भरलं आणि दिलं. कफाचा गोळा निघाला. हवा आत शिरली. तिला थंड धातूची चव होती.

मी जरा सैल पडले तेव्हा दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. शेख सिस्टर म्हणाल्या, "ट्रे माझ्या हातनं पडला, साळवे."

"दिसलं मला."

"मॅट्रन बाईंना मी सांगते जाऊन."

"सांग. आधी बस. हात बघ कसे थरथरतायत. नळी मी बघते."

आणि त्या पातळातच साळवे सिस्टर माझ्या उशाशी बसल्या. शेख सिस्टर कोपऱ्यात स्टुलावर. कुणी कुणाला समजावलं नाही. पुष्कळ वेळानं शेख सिस्टर उठल्या, हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता जा तू. मी ठीक हाय." साळवे सिस्टरांनी त्यांचे हात आपल्या हातात धरून पाहिले, थरथर थांबलीय का म्हणून, आणि मग गेल्या.

मॅट्रन बाईंनी पुढं साळवे सिस्टरांना बोलावून विचारलं. जागेचा निर्णय जवळ आला होता. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर भागलं असतं. साळवे सिस्टरांनी सांगितलं, ट्रे माझ्याही हातून पडू शकतो. पण नळी तिनं जितक्या लवकर मोकळी केली तितक्या लवकर मला जमली नसती. हे मला शेख सिस्टरांनीच सांगितलं, मी बसू लागल्यावर. सांगताना त्या हसत होत्या. म्हणाल्या, "तिला पण जमली असती. उगं म्हणाली ती."

ती जागा अखेर साळवे सिस्टरांना मिळाली. पुढच्या वर्षी शेख सिस्टरांना बाळंतपणाचा वॉर्ड मिळाला.

पलीकडची खोली

महिना उलटला. झटके विरळ होत होत थांबले. गळ्याची नळी काढली. कांबळं थोडं थोडं वर केलं, आणि एक दिवस मला माझे हात दिसले. काड्या झाल्या होत्या. दोघी मला आळीपाळीनं चालायला शिकवत. तिथंही चुरस होतीच. सकाळी दारापर्यंत नेलं की दुपारी व्हरांड्यापर्यंत न्यायचंच.

त्याच सुमारास शेजारच्या खोलीत महाळुंग्याचा एक तरुण सुतार आला. तासणीनं पायावर जखम झाली होती. त्याच्या दाराच्या फटीत पुन्हा त्या चिंध्या भरल्या गेल्या. भिंतीतून त्याचा दबका आवाज आला की मी उशीत डोकं खुपसायची. मला वाटायचं ते दुखणं भिंतीतून परत माझ्याकडे येईल.

साळवे सिस्टर मला म्हणाल्या, "बाई, एक विचारू? तुम्ही त्याच्याशी दोन शब्द बोलाल? आम्ही सांगतो ते त्याला पटत नाही. तुम्ही तिथून आलेल्या आहात." मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, येते.

आत तोच अंधार, तोच वास. भिंतीला धरून मी त्याच्या उशाशी पोचले. त्याचा चेहरा हसत होता. त्याच्या कानापाशी वाकून मी सांगितलं, "मी पलीकडच्या खोलीतली. मला हेच झालं होतं. तुम्हाला सगळं ऐकू येतंय हे मला माहीत आहे. ह्या दोघी काही करायच्या आधी सांगतील. त्यांनी सांगितलं की अंग सोडून द्या." त्याची पापणी हलली. मी तशीच मागं वळले. बाहेर त्याची बायको उभी होती, माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघत. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

तो वाचला नाही. तिसऱ्या दिवशी, साळवे सिस्टरांची पाळी संपत आलेली असताना गेला.

त्याच्या बायकोला लोकांनी खाली नेलं. मी माझ्या दारात खुर्चीवर होते. साळवे सिस्टर व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. इतक्या मोठ्या बाईला भिंतीचा आधार घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेख सिस्टर कामावर आल्या, सगळं समजल्या, पिशवी ठेवली आणि गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. बादलीची कडी त्यांनी अजूनही हातात दाबून धरली होती, वाजू नये म्हणून.

"चल, दोघी मिळून आंघोळ घालू त्याला," त्या म्हणाल्या.

"माझी ड्यूटी होती," साळवे सिस्टर म्हणाल्या.

"व्हय. आता माझी पण लागलीय."

दोघी आत गेल्या. दार थोडं उघडं होतं. आत त्या जिवंत माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत होत्या. आता हात उचलते. आता कूस करते. ते ऐकून मला जितकी भीती वाटली तितकी ट्रे पडला तेव्हाही वाटली नव्हती. आणि त्याच वेळी वाटलं, माझं असं झालं असतं तर ह्यांनी मलाही असंच सांगत सांगत धुतलं असतं. दोन्ही खरं आहे. ते मी वेगळं करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चालायला नकार दिला. पलंगावरून पाय खाली सोडेना. साळवे सिस्टर रागावल्या नाहीत. बराच वेळ शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मला कामावर यायचं नव्हतं आज. शेख घरी आली आणि घेऊन आली. तिची पाळी दुपारची. उठा, तिला सांगायला काहीतरी हवं ना?" मी उठले.

घरी

मला घरी सोडायचं ठरलं तेव्हा यांनी कंपनीतल्या एका मित्राची जुनी जीप आणली. दुसरी गाडी मिळाली नव्हती. अण्णा पुढं बसला. पाळी बदलण्याची वेळ होती, त्यामुळे दोघी एकदम मला सोडायला आल्या. शेख सिस्टर म्हणत होत्या की जिना मी शिकवला. साळवे सिस्टर म्हणाल्या, जिना तिनं शिकवला, पण पाय मी उभे केले.

पायरीपाशी आल्यावर मी जीप पाहिली आणि मला कळलं की ती आता सुरू होणार. खिडकीवरचं कांबळं, दारातल्या चिंध्या, कानातला कापूस, सगळं मागं राहिलं होतं. मी यांना काही सांगायच्या आत शेख सिस्टर माझ्या कानापाशी आल्या. "ताई, आता ते गाडी चालू करतील. मोठा आवाज व्हईल." मग त्या थांबल्या. साळवे सिस्टरांनी माझ्या कोपराखाली हात धरला, न दाबता.

यांच्या मित्रानं जीप सुरू केली. ती एकदा फटकन उडाली, धूर आला आणि मग खडखडत चालू राहिली. मी डोळे मिटून घेतले. माझी पाठ, मान, जबडा, सगळं अंग मी तपासत राहिले. कुठून येईल त्याची वाट पाहत राहिले.

काही आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा दोघी माझ्या पापण्यांकडे टक लावून पाहत होत्या. मग साळवे सिस्टरांनी कोपराखालचा हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा आता, बाई. मुलं वाट बघत असतील."